पातूरच्या तंबूतला शेवट

जुना, चांगला चाललेला सिनेमा पुन्हा नव्याने काढणाऱ्या माणसाला काय शिक्षा द्यावी, हे मला अजून कोणी विचारलेलं नाही. तरी सांगतो. त्याला मे महिन्यात अकोल्याला आणावं, दुपारी दोन वाजता पत्र्याच्या खोलीत बसवावं आणि पंखा बंद करून त्याचाच सिनेमा त्याला सलग तीनदा दाखवावा. अकोल्याच्या उन्हाबद्दल पुण्याकडच्यांना शंका असते, म्हणून एकच सांगतो. एका मे महिन्यात दोरीवर वाळत घातलेला माझा शर्ट माझ्या डोळ्यांदेखत इस्त्री होऊन, घडी पडून खाली आला. खोटं वाटत असेल तर शर्ट अजून आहे.

सिनेमाचं नाव मी लिहिणार नाही. जुन्याचं नाव तेच नव्याचं नाव. नावसुद्धा स्वतःचं सुचलं नाही त्या लोकांना. आणि जुन्याच्या प्रेमापोटी लिहायला जावं तर नव्याची फुकट जाहिरात होते. ती माझ्या हातून होणार नाही.

या भांडणात मी पडलो तो मोठीमायमुळे. मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. राहते तेल्हाऱ्याला. पंचाहत्तरी कधीच ओलांडली, पण अजून पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेतात उभी राहिली तर बुजगावण्याची गरज पडत नाही, पाखरं तिच्या आवाजानेच शेजारच्या तालुक्यात जातात. या बाईने आयुष्यात एकच सिनेमा पाहिला, आणि त्या एका सिनेमावर आमच्या अर्ध्या खानदानाचा पाया आहे.

झालं होतं असं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मोठीमाय घर सोडून पातूरला माहेरी निघून गेली. मोठेबाबा, म्हणजे तिचा नवरा, मारणारा नव्हता, पिणाराही नव्हता. बोलणारी होती ती आमची आजी, म्हणजे मोठीमायची सासू. आजी सकाळी बोलायला लागली की संध्याकाळी कंदील लावेपर्यंत बोलत असे. मोठेबाबा तेव्हा भाकरीकडे असे टक लावून बघत, जणू भाकरीवर काही छापलेलं आहे आणि ते वाचल्याशिवाय मान वर करायची नाही. बायकोची बाजू घेऊन एक अक्षर नाही. शेवटी ती गेली. आठ महिने माहेरी राहिली. जाणती माणसं दोनदा समजवायला गेली, दोन्ही वेळा पाणी पिऊन परत आली.

मग पातूरला तंबूतला सिनेमा आला. गावोगाव फिरणारा, एका मशीनचा. मोठेबाबा तेल्हाऱ्याहून पातूरला गेले, सासऱ्याकडे उतरले, मेहुण्यांच्या ओळखीने सगळ्या घराला सिनेमाला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठीमायने स्वतः गाठोडं बांधलं आणि अंगणात उभी राहून म्हणाली, "चाला."

कारण काय? कारण सिनेमातली बाई. तिची सासू तिला जिन्यावरून ढकलते, हात मोडतो, प्लास्टर बांधलेला हात घेऊन ती गाडीत बसून निघून जाते. आणि शेवटी हात बरा करून परत येते. नवरा दार उघडतो, बाजूला सरकतो, ती आत जाते. खेळ खतम.

"तिचा तं हात मोडला होता, तरी थे आली," मोठीमाय आम्हाला सांगायची. "माहा तं हातबी मोडला नव्हता. मंग मी कोन मोठी लागून गेली?"

त्यानंतर चार मुलं, सात नातवंडं. आजीसुद्धा पुढे वीसेक वर्षं जगली आणि एक दिवस खाडा न करता बोलत राहिली.

हा किस्सा मी लग्नकार्यात, बारशात, एकदा तर तेराव्यालासुद्धा सांगितला आहे. त्या रात्री तंबूत बायका इतक्या रडल्या की खुंट्या सैल होऊन तंबू एका बाजूला कलला, हे मी डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगतो. माझा जन्म त्यानंतर चार वर्षांनी झाला, ही अडचण आजवर कोणी काढली नाही.

तर यंदा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मोठीमाय अमरावतीला माझ्याकडे आली. ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, काळा चष्मा चढला. डॉक्टरने डोळा तपासून विचारलं, आजी, आता काय बघायचं? लोक अशा वेळी देव सांगतात, नातू सांगतात.

"थो सिनेमा," मोठीमाय म्हणाली. "शेवट पायचा हाय. तवा रडून रडून धड दिसला नव्हता."

नेमका त्याच महिन्यात त्याच नावाचा नवा सिनेमा लागलेला. मी मूर्ख. जुना मी स्वतः कधी पाहिलेला नव्हता, नुसता मोठीमायच्या तोंडून ऐकलेला; मला वाटलं, गोष्ट तीच असणार. बायको म्हणाली, "अहो, आधी जुना शोधा ना कुठे मिळतो का." मी म्हणालो, "मोठ्या पडद्याची गोष्ट वेगळी असते." हे वाक्य परत घेता आलं असतं तर मी दोन्ही हातांनी घेतलं असतं.

आत काय होतं ते ऐका. सासू सुनेपेक्षा लहान दिसत होती. जुन्यातलं, रेडिओवर ऐकलेलं विहिरीवरचं साधं गाणं होतं, ते असं बदडून काढलं होतं की माझ्या पुढच्या रांगेतल्या माणसाचं कानातलं यंत्र शिट्टी वाजवायला लागलं. शेत आमच्याकडचंच दाखवलं म्हणे, पण माती तांबडी. काळ्या मातीला रंग फासून तांबडी करणारा माणूस घरी आईलासुद्धा ओळखणार नाही. दर पाच मिनिटांनी कॅमेरा आकाशात चढायचा आणि वरून बघायचा, जशी घारच सिनेमा काढून राहिली. आणि बाईचा हात मोडल्यावर प्लास्टरवर मैत्रिणींनी रंगीत चित्रं काढली. सासूने ढकललेल्या बाईच्या हातावर फुलं आणि फुलपाखरं!

शेवटी ती बाई डोंगरात जाते, तिथे पाव-बिस्किटांचं दुकान टाकते, आणि नवरा तिकडे जाऊन तिच्या हाताखाली पीठ मळायला शिकतो.

मोठीमायचा आवाज त्या थंडगार अंधारात असा उठला की पडद्यावरचा नवरासुद्धा क्षणभर मळायचा थांबला असावा.

"हे काय बाप्पा? थे नाई आली? थोच गेला काय?"

मागून कोणीतरी म्हणालं, "आजी, हळू."

"हळू काय हळू? मी शेवट पायाले आली. अन् हे काय दाखवून राहिले, कणीक?"

बाहेर आल्यावर मी तिला दह्यातला गिला वडा खाऊ घातला. तिने दोन घासांत बाजूला ठेवला. "डोयाचं पानी गेलं फुकट," एवढंच म्हणाली आणि रिक्षात गप्प बसली. मोठीमायने गप्प बसणं ही आमच्याकडे भूकंपासारखी दुर्मीळ गोष्ट आहे.

माझं डोकं फिरलं. घरी येऊन कंप्यूटर उघडला आणि रात्र व्हायच्या आत जुना सिनेमा इंटरनेटवर शोधून काढला. धुऊनपुसून स्वच्छ केलेली प्रत. मी आधी एकटाच बघायला बसलो, शेवट कुठून लावायचा ते ठरवायला.

आधी एकदा माहेरी गेलेली ती मध्यावर परत आली. दार उघडलं, नवरा बाजूला सरकला, ती आत गेली. हात धडधाकट, कारण अजून मोडलेलाच नव्हता. त्यानंतर बराच वेळ सिनेमा चालू राहिला. सासूने ढकललं, हात मोडला, आणि शेवटी प्लास्टर घेऊन ती गाडीत बसली. गाडी गेली. फलाट रिकामा. समाप्त.

ती परत आलीच नाही.

मी तीनदा पाहिलं. तीनदा गेली.

माणूस अशा वेळी विचार करतो. मी केला नाही. मला लगेच सगळं उमगलं: नव्या सिनेमावाल्यांनी आपला माल खपावा म्हणून इंटरनेटवरच्या जुन्याचा शेवट उलटापालटा केला! तसा लांबलचक संदेश मी जुन्या सिनेमांच्या शौकिनांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. पातूरच्या हजारो लोकांनी खरा शेवट डोळ्यांनी पाहिला आहे, मी स्वतः साक्षीदार आहे, हा वऱ्हाडाचा अपमान आहे, असं बरंच काही. बायकोने वाचून विचारलं, "हजारो? तंबूत?" मी म्हणालो, "तंबू मोठा होता."

दुसऱ्या दिवशी अकोल्याहून एका अनोळखी माणसाचं उत्तर आलं. 'माझे वडील त्या तंबूत ऑपरेटर होते. तुमचं वाचून दाखवल्यापासून हसून राहिले. थांबतच नाहीत. येऊन जा.'

मी मोठीमायला "कामाने जातो" सांगून बडनेऱ्याहून गाडी पकडली.

जुन्या शहरात एका अरुंद घरात बाजेवर म्हातारा बसला होता. ऐंशीच्या पुढचा, बनियन घातलेला, हात मात्र अजून जवानासारखे. मी बसायच्या आधीच माझा सिद्धान्त सांगून टाकला. इंटरनेटवाला येताना गाडीत मी सोडून दिला होता, कारण हसणारा माणूस कशाला हसतो याचा अंदाज येतोच. नवा असा होता: पहिल्या खेळानंतर पातूरच्या चार सुना तंबूतून थेट एसटी स्टँडवर गेल्या असणार, गावातले नवरे काठ्या घेऊन तंबूवर आले असणार, आणि मालकाने घाबरून शेवट बदलला असणार.

म्हाताऱ्याने सगळं ऐकलं. "तुमी होते काय तवा?"

"नाही."

"मंग मले सांगू द्या."

चहा आला. त्याने बशीत ओतला, फुंकला, आणि सावकाश प्याला.

"रिळं चौदा. मशीन एक. एक रीळ सरलं का बत्ती लावाची, दुसरं चढवाचं, मंग बत्ती बंद. थेवढ्यात लोकं बिडी फुकून येत. तिसऱ्या दिवशी दुपारी मी रिळं उलटी गुंडायत होतो. एक मानूस आला. धोतर, छत्री. पानी नाई पाऊस नाई, पन छत्री. दोन रात्री सिनेमा पाहून गेला होता, मी तोंड ओयखलं. येऊन बसला. घंटाभर बसला. बोलंच ना!"

मी सरळ होऊन बसलो. घंटाभर न बोलता बसणारा एकच माणूस मला माहीत होता.

"मंग म्हने, 'हे शेवटचं रीळ आदी नाई लावता येत काय?' म्या म्हटलं, पागल झाले काय भाऊ? तं म्हने, 'जे मदात थे वापस येते, थे शेवटी लावा. एक दिवस. माई बायको उद्या येनार हाय पायाले.'"

"मग?"

"मंग काय? म्या नाई म्हटलं. तं थो उठला, माह्या हातातून हँडल घेतलं अन् रिळं फिरवाले लागला. चौदाई रिळं गुंडायून देली. दिवस मावयला. हाताले फोड. अन् तोंडातून एक शब्द नाई. आता अशा मानसाले काय म्हनता?"

"म्हणून लावलं?"

"लावलं. चवदावं, ज्याच्यात सासू ढकलते अन् थे जाते, थे रीळ नवव्याच्या जाग्यावर नेलं, अन् नववं आखरीले. चवदाव्याच्या शेवटाले 'समाप्त' येते ना, थे येयाच्या आदी भिंगापुढं पुठ्ठा धरला. लोकाईले वाटलं, फिलिम तुटली. हाताचं प्लास्टर आदी दिसलं, मंग गायब झालं. बाया म्हनत, मायनं हयदीचा लेप लावला असन माहेरी." म्हातारा पुन्हा हसायला लागला. "ज्याले काईच समजलं नाई थो जास्त रडला."

"आणि तो माणूस?"

"मदात दोर बांधला राहे. इकडं मानसं, तिकडं बाया. थो दोराजोळ बसला होता. पडद्याकडं पाहे ना, दोराच्या तिकडं पाहे. अंधारात काय दिसते? पन पाहे."

"दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी सरळ लावली. आपल्या धंद्याचं इमान हाय का नाई?"

परतीच्या गाडीत मी खिडकीपाशी बसलो होतो आणि बाहेरची एकही गोष्ट मला दिसली नाही. आठवडाभर रीमेकच्या नावाने मी शंख करत होतो आणि त्यातला एक आमच्याच घरातून निघाला होता. पाव-बिस्किटवाल्यांवर माझा राग होताच, आता मोठेबाबांचाही आला. वर जाऊन सहा वर्षं झालेल्या माणसावर रागावणं फार गैरसोयीचं असतं. एका बाईने आयुष्याचा निर्णय घेतला तो एका बाईकडे बघून, आणि ती बाई तर गेली होती, आलीच नव्हती! वीस वर्षं आजीचं बोलणं मोठीमायने ऐकलं ते चुकीच्या जागी लावलेल्या एका रिळापायी.

एक खरं. नव्या सिनेमावाल्यांना समोर कोण बसलं आहे याचा पत्ता नव्हता. मोठेबाबांना होता, आणि फक्त तिच्यासाठीच त्यांनी ते केलं. पण माझ्या लेखी त्याने गुन्हा वाढतो. परक्याने फसवलं तर माणूस दोन दिवस शिव्या देतो आणि विसरतो.

सांगावं की नाही, हा प्रश्न घरी पोचेपर्यंत पुरला. दारातच बायको म्हणाली, "काय कळलं ते आत्ताच सांगून टाका त्यांना. तुमच्या पोटात राहणार नाही आणि तीन दिवसांनी लोकांत सांगाल, तंबूसकट."

मोठीमाय डोळ्यांत थेंब घालून पडली होती. मी सुरुवात केली ती जरा रंगवून. म्हातारा ऑपरेटर, त्याची पांढरी दाढी, हातातली काठी...

"दाढी राहू दे," ती डोळे मिटूनच म्हणाली. "सरळ सांग, काय झालं?"

मग सरळ सांगितलं. मला ते जमतं, फक्त सवय नाही. छत्री, रिळं, पुठ्ठा, दोर. ती उठून बसली.

"किती रिळं फिरोली म्हने?"

"चौदा."

"हाताले फोड आले होते. हाव. म्या पायले होते. म्या म्हटलं हे काय, तं म्हने छत्रीचे." मला वाटलं रडणार. डॉक्टरने रडायला मनाई केली होती, म्हणून मी रुमाल शोधायला लागलो. पण तिचा आवाज चढला.

"चौदा रिळं फिरोली! अन् मायाशी एक शब्द बोलाले त्याच्या तोंडात काय भाकर होती? आठ मयने मी वाट पायली का हा मानूस एकदा म्हनन, 'चाल.' एकदा. बुढीपुढं नको, एकट्यात म्हन. नाई म्हटलं. थ्या बाईले म्हनाले लावलं! अन् थे बिचारी तं जाऊन राहिली होती!"

"मोठीमाय, त्यांच्या मनात..."

"त्याचं मन मले नको सांगू. छप्पन वर्षं मीच अंदाजानं वाचलं थे." मग माझ्याकडे वळून, "अन् तू? तू हे मोबाईलवर गावभर केलं ना?"

"अर्धंच."

"अर्धंच थेवढं ठेव. आता थे खरं लाव."

मी कंप्यूटर तिच्या मांडीवर ठेवला. शेवट लावला. तिने काळा चष्मा कपाळावर चढवला, डॉक्टरची ऐशीतैशी, आणि नाक पडद्याला लागेल इतकी वाकली. बाई फलाटावर आली. प्लास्टरचा हात छातीशी धरून गाडीत चढली. खिडकीशी बसली. तिने मागे वळून पाहिलं नाही. गाडी गेली, फलाट उरला.

"पुन्हा लाव."

पुन्हा लावलं. बायको दारात येऊन उभी राहिली.

माझी जीभ शेवटी माझीच. "मोठीमाय, तेव्हा हेच पाहिलं असतं, तर तू तेल्हाऱ्याला आली नसतीस का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. नव्या डोळ्याने पहिल्यांदाच, नीट, माझ्या सगळ्या सुरकुत्यांसकट.

"थे तुले काहून सांगू?" ती म्हणाली. "त्यानं मले इचारलं नाई. तुमी सारे पन्नास वर्षं लग्नात सांगत फिरले, कोनी मले इचारलं नाई. आता काहून? थे माह्यापाशी राहीन. पोट्ट्याईलेबी नाई सांगनार. लाव."

तिसऱ्यांदा लावलं. या वेळी ती बाईकडे बघत नव्हती. गाडीकडे बघत होती, डब्यांकडे, डब्यांवरच्या पुसट अक्षरांकडे.

"ही गाडी कुठची होय?"

"सिनेमात सांगितलेलं नाही."

"म्हंजे तुले समजलं नाई, का त्याईनंच सांगतलं नाई?"

"त्यांनीच नाही."

"हं," मोठीमाय म्हणाली. चष्मा खाली ओढला आणि उशीला टेकली. "नाई सांगतलं थे बरं केलं."